नकाशा कोणाचा, मेंदू कोणाचा? : डीबीएस उपचारातल्या प्रतिमांची समीक्षा



आजचा विषय आहे हालचालींच्या विकारांवरचा डीप ब्रेन स्टिम्युलेशन हा उपचार, म्हणजे डीबीएस, आणि त्यात मेंदूच्या प्रतिमांचा होणारा उपयोग. या विषयावर कौतुकाचं भाषण करणं सोपं आहे. लाल-निळ्या रंगांत उजळलेले मेंदू पडद्यावर एकामागून एक दाखवले की श्रोते खूश होतात. आज मी चित्रं दाखवणार नाही, चित्रांबद्दल बोलणार आहे. नाटकाची, कादंबरीची समीक्षा होते तशी संशोधनाचीही व्हायला हवी. समीक्षा म्हणजे खोड काढणं नव्हे. केलेला दावा आणि दिलेला पुरावा एकाच तराजूत तोलून पाहणं.

माझा मुद्दा आधीच सांगून टाकतो. इलेक्ट्रोड नेमका कुठे आहे, या प्रश्नाचं उत्तर प्रतिमांमुळे फार सुधारलं आहे. या रुग्णाला किती उपयोग होईल आणि त्याचं यंत्र कसं लावावं, या प्रश्नाचं उत्तरही प्रतिमा आता देऊ लागल्या आहेत. पण तिथे चित्र जितकं ठाम दिसतं, तितका पुरावा अजून ठाम नाही. या दोन प्रश्नांची गल्लत झाली की रुग्णाला भलतीच आशा लावली जाते.

उपचार थोडक्यात

ज्यांना हा उपचार माहीत नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं. कंपवाताचं पहिलं नीट वर्णन जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली केलं. मेंदूत खोलवर असलेल्या, डोपामिन नावाचं रसायन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात आणि हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या यंत्रणेचा ताल बिघडतो. लेव्होडोपाच्या गोळ्यांवर कित्येक वर्षं चांगली जातात. पुढे मात्र गोळीचा असर लवकर उतरायला लागतो, आणि गोळी चढली की अंग आपोआप वेडंवाकडं हलायला लागतं. अशा टप्प्यावर डीबीएसचा विचार होतो. कवटीला लहानसं छिद्र पाडून बहुधा दोन्ही बाजूंना एकेक बारीक इलेक्ट्रोड आत सोडतात. त्याची तार कातडीखालून आणून छातीवर, गळपट्टीच्या हाडाखाली बसवलेल्या बॅटरीच्या यंत्राला जोडतात. तिथून सेकंदाला साधारण १३० विद्युत स्पंद मेंदूत जात राहतात.

१९८७ साली फ्रान्समध्ये ग्रनोबल इथे अलिम-लुई बेनाबिद यांना शस्त्रक्रियेच्या वेळी दिसलं की थॅलॅमस या भागाला वेगाने स्पंद दिले तर हाताचा कंप तिथल्या तिथे थांबतो. त्याआधी तोच भाग जाळून निकामी करत असत, आणि जाळलेलं परत येत नाही. १९९० मध्ये अमेरिकेत मेलन डिलाँग आणि सहकाऱ्यांनी माकडांवर दाखवलं की सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाचा चिमुकला भाग निकामी केला तर कंपवाताची लक्षणं कमी होतात. १९९३ मध्ये ग्रनोबललाच या भागात माणसाच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवला गेला. २००६ मध्ये जर्मनीतून १५६ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली: नुसत्या औषधांपेक्षा औषधं आणि डीबीएस मिळालेल्यांचं सहा महिन्यांनंतरचं जगणं अधिक सुसह्य झालेलं होतं.

तेव्हा उपचार चालतो की नाही, हा आजचा वाद नाही. चालतो. प्रश्न असा आहे की तो काहींना छान लागू पडतो, काहींना जेमतेम. हा फरक कमी करण्यात प्रतिमा किती मदत करतात?

मिलिमीटरचा प्रश्न

सबथॅलॅमिक न्यूक्लियस भिंगाच्या आकाराचा असतो आणि त्याची लांबी जेमतेम सेंटीमीटरभर. त्यातही हालचालींशी संबंध असलेला भाग म्हणजे मागचा, वरचा, बाहेरच्या बाजूचा एक तुकडा. बाकीच्या भागांचा संबंध विचारांशी आणि भावनांशी आहे. वर्षानुवर्षं वापरात असलेल्या इलेक्ट्रोडची जाडी १.२७ मिलिमीटर, आणि त्याच्या टोकाला चार धातूचे पट्टे, प्रत्येक दीड मिलिमीटर उंचीचा. कुठल्या पट्ट्यातून वीज सोडायची ते शस्त्रक्रियेनंतर ठरवायचं.

दोन मिलिमीटरने काय होतं, याचं एक उदाहरण वैद्यकीय साहित्यात प्रसिद्ध आहे. १९९९ मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी एका ६५ वर्षांच्या बाईंची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांना मनोविकाराचा कुठलाही पूर्वेतिहास नव्हता. ज्या पट्ट्याने कंपवाताला आराम पडत होता त्याच्या दोन मिलिमीटर खालच्या पट्ट्यातून वीज सोडली, तर काही सेकंदांत त्यांच्या चेहऱ्यावर खोल दुःख उमटलं. त्या रडू लागल्या, जगण्यात अर्थ नाही असं बोलू लागल्या. वीज बंद केल्यावर थोड्याच वेळात त्या पूर्ववत झाल्या. तो पट्टा सबथॅलॅमिक न्यूक्लियसच्या खाली, सबस्टॅन्शिया नायग्रामध्ये गेला आहे हे कळलं ते एमआरआयवरून. प्रतिमा नसती तर हा प्रसंग नुसता चमत्कारिक म्हणून नोंदला गेला असता. प्रतिमेने त्याला जागा दिली आणि त्यामुळे कारणही दिलं.

दुसरं उदाहरण २००५ सालचं. मायकेल ओकन आणि सहकाऱ्यांनी, डीबीएस करूनही फायदा झाला नाही म्हणून त्यांच्याकडे पाठवलेले ४१ रुग्ण तपासले. त्यांतल्या ४६ टक्के रुग्णांचे इलेक्ट्रोड योग्य जागी नव्हते. हा आकडा पुष्कळदा असा सांगितला जातो की जणू डीबीएस केलेल्या निम्म्या लोकांचे इलेक्ट्रोड चुकीच्या जागी असतात. तसं नाही. ही मंडळी तक्रार घेऊन आलेली होती. दवाखान्याच्या रांगेत उभं राहून गावातले आजारी मोजायचे नसतात. पण इलेक्ट्रोडची जागा तपासण्याची शिस्त का हवी, हे मात्र या आकड्याने पक्कं केलं.

पहिला नकाशा : दुसऱ्याचा मेंदू

पूर्वी शल्यचिकित्सक ही जागा कशी शोधत? माणसाच्या मेंदूसाठी चौकटीच्या आधाराने मापं घेण्याची पद्धत १९४७ साली स्पीगल आणि वायसिस यांनी अमेरिकेत आणली. मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये हवा किंवा क्ष-किरणात दिसणारा द्राव भरून चित्र काढायचं, पुढचा आणि मागचा असे दोन ठरावीक बिंदू शोधायचे, त्यांना जोडणारी रेघ काढायची आणि तिथून मापं टाकायची. सबथॅलॅमिक न्यूक्लियससाठीची पाठ झालेली मापं म्हणजे रेघेच्या मध्यापासून साधारण १२ मिलिमीटर बाजूला, ३-४ मिलिमीटर मागे, ४ मिलिमीटर खाली.

ही मापं आली कुठून? मृत व्यक्तींच्या मेंदूंचे काप करून तयार केलेल्या नकाशांमधून. या नकाशांचा पाया मोजक्याच मेंदूंचा होता. तालैराख आणि तुर्नू यांचा १९८८ चा नकाशा, ज्याच्या चौकटीत पुढे जगभरातल्या मेंदूसंशोधनाने आपले आकडे मांडले, तो तर साठ वर्षांच्या एका युरोपीय स्त्रीच्या मेंदूवर आधारलेला आहे. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच पातेल्यातला असतो. मेंदू एका पातेल्यात शिजत नाहीत. वयाने ते आकसतात, पोकळ्या रुंदावतात, डावी-उजवी बाजूसुद्धा तंतोतंत सारखी नसते.

शल्यचिकित्सकांना हे ठाऊक होतं. म्हणून ते रुग्णाला जागं ठेवत, बारीक सुईने पेशींचे विद्युत आवाज ऐकत आत जात, आणि वीज सोडून हात हलवायला सांगत. म्हणजे नकाशा गावापर्यंत नेत होता. घर दारावर थाप मारूनच सापडत होतं.

दुसरा नकाशा : रुग्णाचा स्वतःचा

एमआरआयने ही परिस्थिती बदलली, आणि इथे मी मोकळ्या मनाने दाद देतो. सबथॅलॅमिक न्यूक्लियसमध्ये लोह जास्त असतं, त्यामुळे विशिष्ट प्रकारच्या एमआरआयमध्ये तो गडद दिसतो. ३ टेस्लाच्या यंत्रात त्याची कड बऱ्यापैकी दिसते, ७ टेस्लाच्या यंत्रात आणखी स्पष्ट. आता माप दुसऱ्याच्या मेंदूवरून घ्यावं लागत नाही. सान फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तर रुग्णाला भूल देऊन, एमआरआय यंत्रातच ठेवून, इलेक्ट्रोड आत जाताना पाहण्याची पद्धत विकसित झाली. २०२१ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमहून ११० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात जागं ठेवून केलेल्या आणि भूल देऊन केलेल्या शस्त्रक्रियांनंतर हालचालींतली सुधारणा सारखीच होती. ज्याला गोळ्या बंद करून, डोकं चौकटीत अडकवून तासन् तास जागं राहायचं असतं, त्याला विचारा ही गोष्ट किती मोठी आहे ते.

या नकाशाच्या मर्यादाही आहेत. कवटी उघडली की मेंदूभोवतालचं पाणी थोडं बाहेर जातं, हवा आत शिरते आणि मेंदू किंचित सरकतो. म्हणजे सकाळी काढलेलं चित्र दुपारी तंतोतंत खरं उरत नाही. म्हणून शस्त्रक्रियेनंतरचा सीटी आधीच्या एमआरआयवर जुळवून बसवतात. ही जुळवणी आकडेमोडीने होते आणि तिच्यातही थोडी चूक राहते. इसेन्शियल ट्रेमरसाठी, म्हणजे कंपवात नसताना होणाऱ्या हातांच्या कंपासाठी, थॅलॅमसमधला जो भाग हवा असतो, तो तर नेहमीच्या एमआरआयवर शेजाऱ्यांपासून वेगळा दिसतच नाही. तिथे अजूनही मापांचा किंवा तंतूंच्या नकाशाचा आधार घ्यावा लागतो.

तरीही हा नकाशा प्रामाणिक आहे. तो ज्याच्याबद्दल बोलतो त्याचाच असतो आणि त्याची चूक मिलिमीटरमध्ये मोजता येते. पुढच्या दोन नकाशांबद्दल इतक्या सहज असं म्हणता येत नाही.

तिसरा नकाशा : जोडण्यांचा

गेल्या पंधरा-वीस वर्षांत या क्षेत्राचा विचारच बदलला. वीज एका ठिपक्यावर काम करत नाही, ती त्या ठिपक्यातून जाणाऱ्या जाळ्यावर काम करते, असं आता मानलं जातं. मला हा विचार पटतो. प्रश्न आहे तो जाळं पाहण्याच्या पद्धतीचा.

पद्धत अशी. आधी संगणकावर हिशेब करायचा की इतकी वीज सोडली तर इलेक्ट्रोडभोवतीचा किती भाग उद्दीपित होईल. मग त्या भागातून मेंदूत कुठे कुठे जोडण्या जातात ते पाहायचं. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात आन्द्रेआस हॉर्न आणि आन्द्रेआ क्यून यांनी या कामासाठी लीड-डीबीएस नावाची मोफत संगणक-प्रणाली तयार केली. जगभरात ती वापरली जाते, आणि काम खुलं ठेवल्याबद्दल या मंडळींचे आभार मानायला हवेत.

२०१७ मध्ये हॉर्न आणि सहकाऱ्यांचा गाजलेला निबंध आला. बर्लिनच्या ५१ रुग्णांवरून त्यांनी ठरवलं की चांगला गुण आलेल्यांच्या इलेक्ट्रोडची जोडणी कशी असते. मग तोच नमुना वुर्त्सबुर्गच्या ४४ वेगळ्या रुग्णांना लावून पाहिला. कोणाला किती फायदा झाला असेल याचा अंदाज बांधता आला, सरासरी १५ टक्क्यांच्या चुकीने. एका शहरात शिकून दुसऱ्या शहरात परीक्षा देणं ही शिस्त कौतुकास्पद आहे. पुष्कळ संशोधनांत शिकवणी आणि परीक्षा एकाच वर्गात होते.

पण आता तो आकडा रुग्णाच्या बाजूने वाचू. समजा अंदाज निघाला ४५ टक्के सुधारणेचा. १५ टक्के इकडेतिकडे म्हणजे प्रत्यक्षात ३० किंवा ६०. ३० टक्क्यांत शर्टाची बटणं अजून दुसऱ्याने लावावी लागतील, ६० टक्क्यांत कदाचित माणूस एकटा भाजी आणायला जाईल. शिवाय ही सरासरी चूक आहे. काहींच्या बाबतीत ती याहून मोठी असणारच. शेकडो रुग्णांचा कल सांगायला हा अंदाज उत्तम आहे. समोर बसलेल्या एकाच माणसाला सांगायला तो अपुरा आहे.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या शीर्षकातला प्रश्न तिथूनच आला. या निबंधात मेंदूच्या कार्यात्मक जोडण्या पाहण्यासाठी वापरलेला एक मोठा संच १००० निरोगी अमेरिकी तरुणांचा होता. तंतूंच्या मार्गांसाठी कंपवात असलेल्या दुसऱ्याच रुग्णांचा समूह होता. ज्यांच्या डोक्यात इलेक्ट्रोड आहे त्यांच्या स्वतःच्या जोडण्या यात नव्हत्या. इलेक्ट्रोडची जागा रुग्णाची, जाळं उसनं. निबंधात हे स्पष्ट लिहिलेलं आहे, लपवलेलं काही नाही. पण तेच चित्र पडद्यावर आलं की पाहणाऱ्याला वाटतं, या माणसाच्या मेंदूतून निघालेल्या या तारा आहेत.

यावर बर्लिनच्या गटाचं उत्तर ऐकून घेण्यासारखं आहे. त्यांनी पुढे उसनी जोडणी आणि रुग्णाची स्वतःची जोडणी यांची तुलना केली, आणि ढोबळ निष्कर्ष बरेचसे सारखेच निघाले. याचं कारणही समजण्यासारखं आहे. एकट्या रुग्णाचं चित्र त्याचं स्वतःचं असतं पण धूसर असतं. त्यातून कंपवात असलेल्या माणसाला यंत्रात स्थिर पडून राहणं अवघड. हजारांची सरासरी स्वच्छ असते, पण ती कुणा एकाची नसते. तयार कपडे बहुतेकांना बरे बसतात. मात्र ज्याचा एक खांदा खाली आहे त्याला शिंप्याकडेच जावं लागतं, आणि डीबीएसचा फायदा न झालेला रुग्ण हा बहुधा असाच कुणीतरी असतो. सरासरीला जो अपवाद, त्याच्यासाठीच नकाशाची गरज सर्वांत जास्त, आणि नेमका तिथेच सरासरीचा नकाशा कमी पडण्याची शक्यता जास्त.

तंतूंच्या मार्गांबद्दल आणखी एक इशारा द्यायला हवा. एमआरआय तंतू पाहत नाही. पाण्याचे रेणू कुठल्या दिशेने सहज सरकतात ते पाहतो आणि त्यावरून संगणक तंतूंचा मार्ग काढतो. २०१७ मध्ये एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. खरं उत्तर आधीच माहीत असलेली कृत्रिम प्रतिमा २० संशोधन-गटांना दिली होती आणि त्यांच्याकडून ९६ उत्तरं आली. बहुतेक पद्धतींनी खऱ्या तंतुजुड्यांपैकी ९० टक्के कमी-जास्त प्रमाणात शोधल्या. पण त्याचबरोबर, नसलेल्या जुड्या त्यांनी असलेल्यांपेक्षा जास्त दाखवल्या. पडद्यावर दोन्ही सारख्याच सुंदर दिसतात.

चौथा नकाशा : वीज चालू असताना

चौथा मार्ग सर्वांत धाडसी. इलेक्ट्रोड बसवलेल्या रुग्णाला एमआरआयमध्ये ठेवून, यंत्र चालू-बंद करत मेंदूचा प्रतिसाद पाहायचा. बरीच वर्षं हे टाळलं जात होतं आणि ते योग्यच होतं. एमआरआयच्या रेडिओलहरींनी धातूची तार तापू शकते. डीबीएस असलेल्या रुग्णाला नेहमीसारखं एमआरआयमध्ये घातल्यामुळे मेंदूला गंभीर इजा झाल्याची नोंद आहे. नव्या यंत्रणा ठरावीक अटींखाली एमआरआयला चालतात.

२०२१ मध्ये टोरांटोच्या गटाने, म्हणजे अलेक्झांडर बूते, आन्द्रेस लोझानो आणि सहकाऱ्यांनी, ६७ रुग्णांच्या २०३ फंक्शनल एमआरआय तपासण्यांवरचं काम प्रसिद्ध केलं. ३ टेस्लाच्या यंत्रात तीस सेकंद वीज चालू, तीस सेकंद बंद. यंत्र योग्य लावलेलं असेल तेव्हा मेंदूतल्या हालचालींच्या जाळ्याचा प्रतिसाद ठळक दिसला. ३९ रुग्णांच्या प्रतिमांवर संगणकाला शिकवलं, आणि योग्य मांडणी कुठली व अयोग्य कुठली हे तो ८८ टक्के वेळा ओळखू लागला.

इथे उसनवारी नाही. रुग्णाचाच मेंदू, रुग्णाचंच यंत्र, रुग्णाचाच प्रतिसाद. म्हणून मला हा मार्ग सर्वांत आशादायक वाटतो. आणि म्हणूनच तो बारकाईने तपासला पाहिजे.

पहिली गोष्ट, ८८ टक्के हा ओळखण्याचा आकडा आहे, बरं होण्याचा नव्हे. बातमीत या दोहोंची सरमिसळ व्हायला वेळ लागत नाही. दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. संगणकाला 'योग्य' म्हणजे काय हे कुणी शिकवलं? डॉक्टरांनी अनेक भेटींमध्ये हाताने लावून ठरवलेली मांडणी म्हणजेच योग्य, असं धरून शिकवलं. म्हणजे हा विद्यार्थी गुरूचं उत्तर ओळखायला शिकला. गुरूच्या तोडीचं उत्तर तो लवकर देऊ शकेल. गुरूला न सापडलेलं उत्तर तो देऊ शकतो का, हे या मांडणीतून सिद्ध होत नाही. तिसरी गोष्ट काळाची. तीस सेकंदांत कंप थांबतो, ताठरपणा सैल होतो. चालणं सुधारायला तास-दिवस लागतात. डिस्टोनियात, म्हणजे स्नायू आपोआप पिळवटणाऱ्या विकारात, कधी कधी फायदा दिसायला महिने जातात. तीस सेकंदांची प्रतिमा महिन्यांनंतरचं सांगू शकते का? शकत असेल तर डिस्टोनियाच्या रुग्णांइतकं वरदान दुसऱ्या कुणाला नाही, कारण तिथे डॉक्टरलाही तपासताना लगेच काही दिसत नाही. पण ते दाखवायला महिनोन् महिने रुग्णांच्या मागे राहावं लागेल.

मग मोजपट्टी कोणती?

माझ्या मते एकच. प्रतिमा वापरलेल्या आणि न वापरलेल्या रुग्णांत, कोणाला काय मिळालं हे माहीत नसलेल्या तपासनिसाने केलेली तुलना.

अशी एक तुलना बर्लिनहून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. ३५ रुग्ण. इलेक्ट्रोडच्या जागेवरून संगणकाने सुचवलेली मांडणी, आणि डॉक्टरांनी नेहमीच्या पद्धतीने लावलेली मांडणी. प्रत्येक रुग्णावर दोन्ही, आणि क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा. निष्कर्ष असा की संगणकाची मांडणी डॉक्टरांच्या मांडणीपेक्षा कमी दर्जाची ठरली नाही. सहा जणांना मात्र सुरुवातीला त्रास झाला आणि वीज कमी करावी लागली.

'कमी दर्जाची नाही' याचा अर्थ 'वरचढ आहे' असा नाही. पण हा निष्कर्ष हलक्यात घेऊ नका. डॉक्टरांची मांडणी अनेक भेटींतून घडलेली होती; संगणकाची चित्रावरून निघाली होती. नव्या इलेक्ट्रोडमध्ये तर मधल्या पट्ट्यांचे तीन-तीन तुकडे असतात, म्हणजे एकूण आठ संपर्क, आणि वीज, वेग, रुंदी धरून जोड्या हजारोंनी होतात. त्या सगळ्या हाताने तपासणं कुणालाच शक्य नाही. प्रतिमेने सुरुवात करून दिली आणि शेवट तपासणाऱ्या हाताने केला, तर वेळ वाचेल. मला वाटतं आज प्रतिमांचा प्रामाणिक दावा एवढाच असावा: वेळ वाचतो, चुकलेला इलेक्ट्रोड लवकर सापडतो. 'तुमच्यासाठी अचूक उपचार' ही भाषा अजून कमावलेली नाही.

आणि आपल्याकडे? हैदराबादच्या आयआयआयटीने २०१९ मध्ये १०० भारतीयांच्या एमआरआयवरून भारतीय मेंदूचा नकाशा तयार केला. सरासरी भारतीय मेंदू पाश्चात्त्य नमुन्यापेक्षा लांबी, रुंदी, उंचीने लहान असल्याचं त्यांना आढळलं. यावरून कुणी बुद्धीच्या गप्पा सुरू करू नयेत, त्याचा काही संबंध नाही. मुद्दा मिलिमीटरचा आहे. उसना नकाशा आपल्या मेंदूवर बसवताना तो किती ताणावा लागतो, हे तपासायला हवं. मात्र तेही निरोगी तरुण होते. सत्तरीतल्या, कंपवात असलेल्या, डीबीएस केलेल्या भारतीय रुग्णांच्या प्रतिमा आणि त्यांचे परिणाम एकत्र, खुले ठेवले गेले तर त्याचं मोल मोठं असेल. बर्लिनने प्रणाली मोफत दिली आहे. नोंदी आपल्याच ठेवायच्या आहेत.

मी इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.

प्रश्नोत्तरं

*माझ्या सासूबाईंना डीबीएस सुचवलं आहे. रुग्णालयाकडे अशी आधुनिक प्रतिमा-प्रणाली आहे का, हे पाहून रुग्णालय निवडावं का?*

प्रणाली असेल तर चांगलंच. पण त्याआधी तीन गोष्टी विचारा. शस्त्रक्रियेनंतर इलेक्ट्रोड कुठे बसला हे सीटी किंवा एमआरआय करून तपासता का आणि आम्हाला दाखवता का? यंत्र लावायला कोण बसतं आणि किती भेटी देतं? आणि लेव्होडोपाने सासूबाईंना किती फरक पडतो, हे आधी नीट मोजलं आहे का? कंपवातात गोळीने जी लक्षणं सुधारतात, साधारण तीच डीबीएसने सुधारतात. औषधांना न जुमानणारा कंप हा त्याला मोठा अपवाद. ही तिसरी तपासणी गोळीआधी आणि गोळीनंतर करतात, तिला कुठलंही महागडं यंत्र लागत नाही, आणि पुढचा अंदाज बांधायला ती फार उपयोगी पडते.

*तुम्ही म्हणता नुसता वेळ वाचतो. एवढ्यासाठी एवढा खर्च कशाला?*

वेळ कोणाचा, ते बघा. रत्नागिरी किंवा नांदेडहून रुग्ण मुंबई-पुण्याला यंत्र लावून घ्यायला येतो. सकाळची गोळी बंद, अंग ताठलेलं, बरोबर एक माणूस, त्याची रजा, गाडीभाडं, राहायची सोय. अशा पाच फेऱ्यांच्या दोन झाल्या तर ती काही लहान गोष्ट नव्हे. मी जे म्हणतोय ते इतकंच की त्या फेऱ्या खरोखर कमी होतात का, हेच मोजा आणि छापा. आपल्याकडच्या रुग्णालयांना हे मोजायला वेगळं यंत्र लागत नाही, एक वही पुरेल.

*म्हणजे पुढेमागे डॉक्टरने हात लावायची गरजच उरणार नाही?*

बर्लिनच्या त्या चाचणीत ज्या सहा जणांना त्रास झाला, त्यांची वीज कोणी कमी केली? समोर बसलेल्या माणसाने. संगणकाने सुचवलेल्या मांडणीने माणसाला काय होतंय, हे त्याला विचारून, त्याच्याकडे बघूनच कळलं. पॅरिसच्या त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, ते आधी माणसाने पाहिलं. एमआरआयने कारण नंतर सांगितलं. हा क्रम इतक्यात बदलेल असं मला वाटत नाही.